आमच्या घरातून जाणारा रस्ता

हांडानी पोळ, अहमदाबाद.
मागशर महिना (तिथी डाह्याकाकांना विचारायला हवी, पण सध्या आमचं बोलणं बंद आहे).

मुरब्बी गुणवंतभाई यांच्या सेवेशी,

आपल्या बहिणीच्या यजमानांचे, म्हणजे हरिवदनचे, सविनय जय श्रीकृष्ण. इकडे सर्व क्षेम आहे (ते कितपत, हे पुढे येईलच). तिकडचं तुमचं, भाभींचं आणि तुमच्या लिफ्टचं क्षेम कळवत जावं. गेल्या उत्तरायणाला पतंग उडवायला आलात तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की लिफ्ट सारखी रुसते आणि भाभींना कोथिंबीर आणायची तर गिरनार उतरून पुन्हा चढल्यासारखं होतं. ऐकून फार वाईट वाटलं. आमच्याकडे ती अडचण कधीच नव्हती. भाजीवाली टोपली घेऊन सरळ आमच्या घरात शिरायची, मी दाढी करत असलो तर मला कोपरानं बाजूला सारायची आणि मागच्या दारानं तुमच्या जुन्या घराच्या खडकीत, अंगणात निघून जायची. 'जायची' असं का लिहितोय, ते सांगायलाच हे पत्र.

एकाच शहरात राहून, मध्ये फक्त साबरमती असताना, पत्र कशाला, फोन का नाही, असं तुम्ही म्हणाल. आमचा फोन आहे पुढच्या खोलीत. त्या खोलीची खिडकी उघडते ओट्यावर. ओट्यावर सकाळपासून डाह्याकाका वर्तमानपत्र उघडून बसलेले असतात, आणि मी नंबर फिरवायला लागलो की त्यांचं पान उलटायचं थांबतं. (आमच्या पोळेचे, दरवाजापासून टोकापर्यंत साऱ्या गल्लीचे, प्रमुख ते, त्यामुळे बातम्या आतल्या असोत की बाहेरच्या, पहिला हक्क त्यांचा.) इथे गुपित सांगायचं तर लिहूनच सांगावं लागतं. ऐकायला सगळे येतात, वाचायचा मात्र सगळ्यांना कंटाळा.

तुम्ही नदीपार राहायला गेलात त्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. शहाणी माणसं जातातच. जाताना प्रत्येक जण एकच वाक्य बोलून जातो, 'गाडी आत येत नाही म्हणून जावं लागतंय, जीव सगळा इथंच आहे.' जीव इथं ठेवून ते जातात आणि त्याचा केरवारा करायला आम्ही राहतो. मग उत्तरायणाला येतात, गंजलेलं कुलूप उघडायला माझ्याकडे तेल मागतात, गच्चीवर चढतात, ऊंधियुं-जिलेबी हाणतात आणि मांजा गुंडाळता गुंडाळता एकमेकांना सांगतात की पोळेसारखी संस्कृती जगात कुठे नाही. दुसऱ्या दिवशी ती संस्कृती आमच्या हवाली करून गाडीत बसतात. (हे तुम्हाला उद्देशून नाही. तुम्ही तिसऱ्या दिवशी गेला होतात.)

आता थोडा इतिहास सांगतो. तुम्हाला तो पाठ आहे, पण सगळी भानगड इतिहासामुळेच झाली आहे, तेव्हा त्याला वगळून चालणार नाही. आमच्या पोळेच्या दरवाजावरची संगमरवरी पाटी असं सांगते की कुणा एका सुलतानानं आमच्या पूर्वजांच्या सचोटीवर खूश होऊन त्यांना तांब्याचा एक भला मोठा हंडा बक्षीस दिला, म्हणून ही हांडानी पोळ. सुलतानाचं नाव पाटीवर नाही. डाह्याकाका म्हणतात, जागा पुरली नाही. (पाटी बसवून देणाऱ्याचं नाव मात्र वडिलांसकट, आजोबांसकट आणि मूळ गावासकट व्यवस्थित पुरलं आहे.) तुमच्या जेठाभगतनी पोळेत वेगळा इतिहास चालतो. त्यानुसार आमच्या पूर्वजांनी एका लग्नात दाळ शिजवायला तुमच्या पोळेच्या पंचांकडून हंडा मागून नेला. लग्न झालं, नवरानवरी म्हातारी झाली, दोघांची तेरावी झाली, पण हंडा काही परत आला नाही. दोन्ही इतिहासांचं एका मुद्द्यावर एकमत आहे, की हंडा आमच्याकडे आहे. मी लहानपणापासून तो बघतोय. पोळेच्या पंचांच्या खोलीत पातेल्यांच्या मागे उपडा ठेवलेला असतो. त्याच्या काठावर पूर्वी कुणाचं तरी नाव कोरलेलं होतं म्हणतात, पण आमची मंडळी दर दिवाळीला नेमकी त्याच जागी इतकी चिंच चोळतात की आता तिथे नुसती चमक उरली आहे.

अशा या दोन पोळांच्या मध्ये एक भिंत, त्या भिंतीत एकच दार, आणि ते दार नेमकं आमच्या स्वयंपाकघराला लागून. माझ्या पणजोबांना तुमच्या विहिरीचं पाणी गोड लागायचं म्हणून त्यांनी ते पाडून घेतलं. (आमच्या विहिरीचंही गोडच होतं. पण फुकटची गोडी वेगळी.) वसुमतीला मी पहिल्यांदा पाहिलं ते याच दाराच्या उंबऱ्यावर. मेथीची जुडी मागायला आली होती. मी दिली. दुसऱ्या दिवशी वाटीतून थेपली आली. वाटी रिकामी परत करायची नाही हा आपल्याकडचा वाटकी-व्यवहार, म्हणून आईनं वाटीत गूळ घालून पाठवला. गुळाच्या बदल्यात हांडवो आला, हांडव्याच्या बदल्यात लोणचं गेलं, आणि असं करता करता त्या वाटीनंच आमचं लग्न जुळवलं. लग्न ठरलं तेव्हा दोन घरांत अंतर होतं एका उंबऱ्याचं, पण वरात एका उंबऱ्यावरून कशी न्यायची? म्हणून घोडा, बँड, सगळा लवाजमा पुढच्या दारानं निघाला आणि चौकातून, भांडीबाजारातून, बसलेल्या गाईंना वळसा घालून तुमच्या पोळेत पोचला. मी घोड्यावर उन्हात भाजून निघालो, आणि माझी आई, मावशी, आत्या मागच्या दारानं केव्हाच मांडवात जाऊन मोहनथाळ खात बसल्या होत्या. तुमच्या मातोश्रींनी रिवाजाप्रमाणे दारात माझं नाक पकडलं. ते अजून त्या घरानं सोडलेलं नाही, असं मी वसुमतीला चिडवत असतो. (असायचो.)

पुढे कर्फ्यूचे दिवस आले. पोळांचे दरवाजे बंद, चौकात चिटपाखरू नाही. तेव्हा तुमच्याकडचं दूध आमच्याकडे, आमच्याकडचं पीठ तुमच्याकडे, औषधं, बाळंतिणी, सगळं आमच्या घरातून गेलं. त्या दिवसांत हंड्याचं नाव कुणी काढलं नाही. आठवलं की मला आजही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण कर्फ्यू उठला आणि आमच्या घरातली वर्दळ काही उठली नाही. चौकातून वळसा घालायचा लोकांना जो कंटाळा आला तो कायमचा. दूधवाला, इस्त्रीवाला, शाळेची पोरं, काखेत वही दाबून जाणारे विम्याचे एजंट, सगळ्यांचा रस्ता आमच्या पाटावरून. एक गृहस्थ कित्येक वर्षं आमच्या जेवणाच्या वेळीच जात आले आहेत. 'चालू द्या, चालू द्या' म्हणतात, ताटात डोकावतात आणि 'आज कढी पातळ झालीय' असं सांगून पुढे जातात. ते कोण, हे ना मला ठाऊक ना वसुमतीला. तरी त्यांना आवडतं म्हणून ती कढी दाट करायला लागली होती.

एवढं सगळं मी पोटात घातलं होतं. मग वारसा आला.

वारसा म्हणजे कुठल्याशा संस्थेचा एक टोपीवाला तरुण, जो सकाळी परदेशी माणसांचा थवा घेऊन जुन्या शहरातून फिरवतो. आसपासच्या पोळांतून तो जायचा, आमच्याकडे ढुंकून बघायचा नाही. डाह्याकाकांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी त्याला ओट्यावर बसवलं, मसाल्याचा चहा पाजला आणि सांगितलं की हरिवदनच्या घरातून एक गुप्त मार्ग जातो, ज्या मार्गानं एक राणी शत्रूच्या हातावर तुरी देऊन निसटली होती. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो होतो. मी म्हटलं, काका, राणी कुठली? 'मोठ्या घरची.' शत्रू कोण? 'तो पाठीमागे होता, नाव कोण विचारणार?' आणि पळून ती जेठाभगतनी पोळेत कशाला गेली? तेव्हा काका माझ्याकडे दयेनं बघून म्हणाले, 'पळणाऱ्या बाईला निवड करता येते का, हरिवदन?' टोपीवाल्यानं ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या घरातल्या चौकात, टाक्यापाशी, कमरेला पंचा गुंडाळून आंघोळीला बसलो होतो. तोंडाला साबण. पावलं ऐकू आली, पण पावलं काय, रोजचीच. डोळे उघडले तर समोर अर्धवर्तुळात गोरी मंडळी उभी, आणि टोपीवाला हात करून सांगतोय की हे पाहा, पावसाचं पाणी साठवण्याची पारंपरिक पद्धत. एका बाईंनी विचारलं, हे रोज करतात का? तो म्हणाला, पिढ्यान्पिढ्या. मग माझ्यामागच्या खांबावरचं कोरीव काम फोटोत येईना, म्हणून त्यानं मला नम्रपणे थोडं डावीकडे सरकायला सांगितलं. आणि गुणवंतभाई, सांगायला लाज वाटते, मी सरकलो.

आता घरधनीण म्हणून वसुमतीनं काय करावं? हाकलावं की नाही? तिनं खाखरे काढले. सगळ्यांना चहा दिला. वर त्या राणीच्या गोष्टीत स्वतःची भर घातली, की राणी गरोदर होती आणि जाताना आमच्या उंबऱ्यावर पाणी पिऊन गेली. मी पंच्यातच गरजलो, 'राणी गेली, आता तुम्ही जा!' कुणी मनावर घेतलं नाही. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. एकानं टाळ्या वाजवल्या.

त्याच दुपारी बाजारातून कुलूप आणलं आणि मागच्या दाराला घातलं. पोळेच्या दरवाजातल्या फळ्यावर, जिथे मयताचं बेसणं, पाणी बंद आणि हरवलेल्या चपला यांच्या सूचना असतात, तिथे खडूनं ठसठशीत लिहिलं: 'हरिवदन यांच्या घरातून जाणं-येणं आजपासून कायमचं बंद. राण्यांनीही नोंद घ्यावी.'

झालं! ज्या दोन पोळा हंड्यापासून एका चटईवर बसल्या नव्हत्या, त्यांची संयुक्त सभा माझ्याच ओट्यावर भरली. तुमच्याकडचे ललितमास्तर आणि त्यांची मंडळी चौकातून वळसा घालून आली, त्यामुळे येतानाच तापलेली होती. मास्तर म्हणाले, 'हंडा गिळलात तेव्हा आम्ही गप्प बसलो, आता रस्ताही गिळता?' एरवी या वाक्यावर डाह्याकाकांनी चप्पल काढली असती. त्या दिवशी म्हणाले, 'मास्तर, तुमचं बरोबर आहे.' माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. शेवटी ठराव झाला की दार सार्वजनिक असून त्याभोवतीचं घर तेवढं हरिवदनचं आहे. मी म्हटलं, मग घराची घरपट्टी मी भरतो, दाराला वंगण तुम्ही घाला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

हेही सोसलं असतं. पण कुलूप घातलं त्या घटकेला वसुमती तुमच्या खडकीत पापड वाळत घालायला गेली होती, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. (घराला दोन दारं असली की बायको घरात आहे की माहेरी, हे समजायला मार्ग नसतो.) संध्याकाळी तिनं पलीकडून कडी वाजवली. आता सगळी पोळ कान देऊन बसलेली. फळ्यावरचा खडू अजून ताजा. त्यात पहिल्याच दिवशी दार उघडलं असतं तर माझं तोंड कुठे राहिलं असतं? मी आतून म्हटलं, 'पुढून ये.'

पलीकडून कडी आणखी एकदा वाजली. मग म्हणाली, 'पुढल्या दारानं या घरात मी एकदाच आले, वाजतगाजत. पुन्हा पुढून आणायचं असेल तर बँड बोलवा.'

मी म्हटलं, 'या वयात बँड?'

'या वयात कुलूप?' ती म्हणाली.

मी कुलूप ओढून पक्कं बसलंय का ते पाहिलं. तिनं शेजारच्या चंचळबांकडून तुमच्या घराची किल्ली घेतली, तुमच्या घराचं ते जुनं पितळी कुलूप काढलं आणि मागच्या दाराला तिच्या बाजूनं ठोकून दिलं. म्हणजे आता मी उघडलं तरी दार उघडायचं नाही. सध्या ती तुमच्याच घरात राहते आहे. तुम्ही उत्तरायणापर्यंत फिरकत नाही म्हणून तुम्हाला कुणी कळवलं नसेल, तर आता कळवतो. तुमची पांघरुणं तिनं उन्हात घातली आहेत, कोळ्यांचीही व्यवस्था लावली आहे. घर चांगल्या हातात आहे.

जेवणाचं म्हणाल, तर उपाशी नाही. रोज दुपारी चंचळबा चौकातून वळसा घालून पदराखाली वाटी घेऊन येतात. कधी दाळ-ढोकळी, कधी कढी (दाट). निरोप नाही, चिठ्ठी नाही, नुसती वाटी. चंचळबांचे गुडघे तुम्हाला माहीतच आहेत. ओट्यावर टेकतात आणि सगळ्या पोळेला ऐकू जाईल असं बोलतात, 'भांडण तुम्हा दोघांचं आणि झिजायचं माझ्या गुडघ्यांनी! मेल्या, अर्ध्या पोळेच्या लेकीसुना त्या दारातून दवाखान्यात गेल्या. माझी सासू शेवटची त्याच दारातून गेली. तुला आंघोळ झाकायची तर पडदा लाव की!' (पडदा हा उपाय माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पण फळ्यावर लिहून झाल्यावर सुचलेल्या उपायाचा काय उपयोग?)

वाटी परत करायची तर रिकामी करता येत नाही. पहिल्या दिवशी साखर घातली. मग गूळ, मग शेंगदाणे, मग दिवाळीतली उरलेली मठिया. वसुमती कोणता डबा कुठे ठेवते ते मला कळत नाही, त्यामुळे हाताला येईल ते जातंय. परवा मोहरी घातली. चंचळबा म्हणाल्या, 'मोहरी? तिची दृष्ट काढायचीय का तुला?' काल मुखवास घातला, तर संध्याकाळी तोच मुखवास निवडून, त्यातले खडे वेगळ्या पुडीत बांधून परत आला. हे प्रेम समजावं की टोमणा, तुमच्या घराण्याचा तुम्हाला अनुभव जास्त, तुम्हीच सांगा.

असो. मागणं काही नाही. सहज लिहावंसं वाटलं. भाभींना जय श्रीकृष्ण, मुलांना आशीर्वाद, लिफ्टला शुभेच्छा.

आपला नम्र,
हरिवदन

ता. क. पत्र टपालात पडलं नाही, कारण तिकिटं कुठे आहेत हेही वसुमतीलाच ठाऊक. तेवढ्यात खरी गोष्ट लिहून टाकतो. मागणं आहे. तुम्ही थोरले आहात. एकदा येऊन बहिणीला दोन शब्द सांगा. 'हरिवदनच्या वतीनं आलो' असं म्हणू नका. पांघरुणं बघायला आलो म्हणा. घरात इतकं शांत आहे की मी स्वतःच मधूनमधून पुढच्या दारानं बाहेर जातो आणि 'चालू द्या, चालू द्या' म्हणत आत येतो. मला करमत नाही, गुणवंतभाई. हे तिला सांगितलंत तरी चालेल, पण चंचळबांसमोर नको.

ता. क. २. आज वाटीत घालायला काही उरलं नाही. सगळे डबे पालथे घातले. चंचळबा ओट्यावर बसून 'आटप रे' करत होत्या. रिकामी वाटी माझ्या घरातून आजवर गेलेली नाही. शेवटी माझ्या कुलपाची किल्ली वाटीत घातली, वर झाकण ठेवलं आणि दिली. ही माफी नाही, व्यवहार आहे.

ता. क. ३. घात झाला. वसुमतीचं माहेर वाटकी-व्यवहारात आमच्याहून कडक. संध्याकाळी वाटी परत आली, आणि तिच्यात तुमच्या पितळी कुलपाची किल्ली! आता माझ्या बाजूच्या कुलपाची किल्ली तिच्याकडे आणि तिच्या बाजूच्या कुलपाची माझ्याकडे. आपापल्या बाजूला उभं राहून दोघांनाही काही करता येत नाही. मी चंचळबांना म्हटलं, एवढी किल्ली परत नेऊन द्या. त्या म्हणाल्या, 'माझे गुडघे आता स्वर्गातच वाकायचे. पाय तुलाही आहेत.'

ता. क. ४. हे तुमच्या घरातून, तुमच्या हिंचक्यावर झोके घेत लिहितोय. दचकू नका, सांगतो.

सकाळी किल्ली मुठीत धरून निघालो. ओट्यावरून डाह्याकाका उठले, त्यांच्या मागे सगळी पोळ उठली. मी वळून बघितलं की सगळे गाईला चारा घालायला निघाल्यासारखे इकडेतिकडे बघायचे. भांडीबाजाराच्या कोपऱ्यावर समोरून वसुमती आली. तिच्या मुठीत माझी किल्ली, आणि मागे अख्खी जेठाभगतनी पोळ. मला थांबायचं होतं. तिलाही असावं. पण एवढ्या गर्दीत पहिलं कोण थांबणार? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, 'गॅस मंद ठेवलाय, दाळ बघा.' मीही तिच्याकडे न बघता म्हटलं, 'दूध तापायला ठेवलंय, उतू जाईल.' आणि आम्ही आपापल्या वाटेनं पुढे गेलो. मागून चंचळबांचा आवाज आला (गुडघ्यांसकट त्याही आल्या होत्या), 'बँड हवा होता ना तिला? एवढी तोंडं वाजतायत, अजून काय पाहिजे!'

मी तुमच्या खडकीत येऊन पितळी कुलूप उघडलं. पलीकडे तिनं माझं उघडलं. दार उघडलं तेव्हा ती आमच्या घरात उभी होती आणि मी सासरी. तिनं मागे वळून घराकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, 'काय दशा केलीत घराची!' मी काही बोलणार, इतक्यात भाजीवाली टोपली घेऊन आमच्या मधून गेली. मला कोपर मारायला विसरली नाही. तिच्यामागून शाळेची पोरं, दूधवाला, आणि ते कढीवाले गृहस्थ. ते उंबऱ्यावर क्षणभर थांबले, दोघांकडे बघितलं आणि म्हणाले, 'चालू द्या.'

मी पाऊल उचललं, तर वसुमती म्हणाली, 'थांबा. सासरी आलेला जावई आपला आपण उठून जातो का? नारळ देऊन पाठवणी करायला माझा भाऊ यायला हवा.' रीत तिची बरोबर आहे. तेव्हा नारळ घेऊन लवकर यावं, ही विनंती. वंगण मीच आणीन, पडदाही लावीन, हे कबूल केलं आहे.

ता. क. ५. दार उघडल्याच्या आनंदात दोन्ही पोळांचं जेवण ठरलं. दाळ एवढ्या माणसांना पुरेल असं भांडं एकच, म्हणून डाह्याकाकांनी भावनेच्या भरात हंडा काढून दिला आणि तो आमच्या घरातून, मागच्या दारानं, तुमच्या खडकीत आणला. पंगत उठली. ललितमास्तर हंडा घासून, पुसून, त्यावर चटई टाकून बसले आहेत आणि उठायचं नाव घेत नाहीत. म्हणतात, 'आला तो त्याच्या घरी आला.' डाह्याकाकांनी मघाशी फळ्यावर लिहिलं आहे की हरिवदनचं मागचं दार पोळेच्या सुरक्षेसाठी धोकादायक असून ते तत्काळ बंद करण्यात यावं. मला निरोप आला, कुलपं कुठे आहेत? वसुमतीनं दोन्ही विहिरीत टाकली आहेत. तुमच्या.

ता. क. ६. नारळाची घाई करू नका. दुपारी घरचं आवरलं की ती वाटी घेऊन या बाजूला येते, आणि तुमच्या हिंचक्यावर दोघं मावतात. आमच्याकडच्या हिंचक्यावर कायम कुणीतरी येऊन बसलेलं असतं. नारळ उत्तरायणाला याल तेव्हा आणलात तरी चालेल.